गोळ्यांच्या डब्याविषयी थोडेसे

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

कोविडची साथ आल्यापासून तू जस्ताच्या आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या दुप्पट घेतोस आणि दोन्ही वेळचे जेवण मात्र सूप व फळांवर भागवतोस, हे वाचून काळजी वाटली. प्रतिकारशक्ती गोळ्यांनी हवी तेवढी वाढवता येत नाही. शरीरात ज्याची उणीव असेल ते भरून काढता येते, इतकेच. विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे ही प्रथिनेच असतात आणि संसर्ग झाल्यावर पांढऱ्या पेशींना झपाट्याने आपली संख्या वाढवावी लागते, त्यासाठीचा कच्चा माल खाण्यातूनच यायचा. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज किमान ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. तुझ्या साठ किलोंना ४८ ग्रॅम. सुपातून ती कशी मिळणार?

पुरुषाला दिवसाला ११ मिलिग्रॅम जस्त पुरते. रोज ४० मिलिग्रॅमच्या वर ते दीर्घकाळ घेतले तर तांब्याचे शोषण अडते आणि प्रतिकारशक्तीच मंदावते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत घरीच उपचार घेणाऱ्या कोविडरुग्णांना जस्त आणि क जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिले होते. लक्षणे ओसरण्याच्या वेगात लक्षणीय फरक पडला नाही.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो तो १९९०च्या दशकातला उंदरांवरचा प्रयोग. सेलेनियम या खनिजाची कमतरता असलेल्या उंदरांत कॉक्सॅकी विषाणूच्या एका निरुपद्रवी वाणाची जनुकेच बदलली, तो हृदयाला इजा करू लागला, आणि तिथून निघालेला हा विषाणू पुढे पोटभर पोषण मिळालेल्या उंदरांनाही बाधला. म्हणजे एकाची उपासमार शेजाऱ्यालाही भोवू शकते! उंदरांचे सगळेच माणसाला लागू पडते असे नाही, हे खरे.

मला ताप आला तेव्हा वासच गेला होता. उकडलेले अंडे तोंडात रबरासारखे फिरायचे आणि भूक तर नावालाही नव्हती. पण एक अंश सेल्सिअस ताप वाढला की शरीराची ऊर्जेची गरज सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, हे ठाऊक असल्याने मी भुकेची वाट न पाहता घड्याळाकडे बघून दर दोन तासांनी चार घास पोटात ढकलले. एवढे करूनही अशक्तपणा महिनाभर रेंगाळला, आणि चांगले खाल्ले म्हणून विषाणू अंगात शिरायचा थांबत नाही, तेव्हा लस आणि मास्क यांना सुट्टी देऊ नकोस.

काल दिवसभरात काय काय खाल्लेस ते उलट टपाली कळव. गोळ्या त्यात धरू नकोस.

तुझा,
मधुकर