अंगणवाडीत टॅब नको, आवाज हवा

माननीय मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

अंगणवाड्या ‘डिजिटल’ करण्याच्या ओघात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना टॅबवर किंवा टीव्हीवर अक्षरओळख करून देण्याचा विचार असेल, तर तो बाजूला ठेवावा आणि तेच तंत्रज्ञान सेविकेच्या मदतीला द्यावे, ही या पत्राची विनंती आहे.

वाचनाची सुरुवात डोळ्यांआधी कानांनी होते. ‘भोपळा’ म्हणताना तीन टाळ्या वाजवणारे, ‘पाटी’ला ‘वाटी’ जुळते हे ओळखून खुदकन हसणारे मूल शब्दाचे तुकडे पाडायला शिकत असते, आणि पुढे पहिलीत बाराखडी समोर आल्यावर हीच जाण उपयोगी पडते. ती येते माणसाशी बोलताना. गोष्ट मध्येच थांबवून “मग म्हातारी कुठे लपली?” असे विचारणे आणि अडखळत येणाऱ्या उत्तराची वाट पाहणे व्हिडिओला जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम, अशी सांगितली आहे. शहरातच काय, खेड्यातही तो तास घरच्या मोबाइलवर केव्हाच संपलेला असतो.

सेविकेकडे मोबाइल आहेच. पण २०२१ पासून तो मुख्यतः पोषण ट्रॅकरसाठी, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदी भरायच्या सरकारी अ‍ॅपसाठी आहे. मी पाहिलेल्या एका अंगणवाडीत घरी न्यायचा पोषण आहार घ्यायला आलेल्या आईचा चेहरा अ‍ॅपला पटेना, म्हणून सेविका तिला उजेडात उभी करून पुन्हा पुन्हा फोटो घेत होती. आत मदतनीस ताई खिचडी ढवळत होत्या आणि अर्धवट राहिलेले बडबडगीत मुले आपापल्या चालीत ओरडत होती. ही नोंदणी शिकवण्याच्या वेळेत होता कामा नये, असा स्पष्ट आदेश काढला तरी बरेच साधेल, आणि त्याला खर्चही नाही.

खर्च करायचाच असेल तर प्रत्येक अंगणवाडीला इंटरनेटशिवाय चालणारा एक साधा स्पीकर द्यावा. त्यात त्या त्या भागातल्या आजीबाईंच्या, सेविकांच्या आवाजातल्या गोष्टी आणि गाणी असावीत: मेळघाटात कोरकूत, धडगावात पावरीत, खानदेशात अहिराणीत. घरची बोली कानावर पडली की मूल बोलू लागते, आणि तिचा हात धरून प्रमाण मराठीकडे येते. यांत्रिक आवाज मात्र घेऊ नये; ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला ‘च’ एकसारखा ऐकवणारे यंत्र मुलांच्या कानांचे नुकसानच करील. उरलेल्या पैशांतून मोठ्या चित्रांची, कमी शब्दांची पुस्तके घ्यावीत आणि ती कपाटात न ठेवता मुलांच्या हाताला येतील अशी मांडावीत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणातल्या अग्रणींनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा आसपासच्या वस्तूंतूनच शिक्षणाची साधने घडवली होती. नव्या साधनांची खरेदी ठरवणाऱ्या समितीत म्हणूनच पुरवठादारांआधी अनुभवी सेविकांना बसवावे आणि निविदा निघण्यापूर्वी त्यांचे म्हणणे लेखी नोंदवून घ्यावे.

आपली,
एक बालशिक्षण कार्यकर्ती