ऊसतोड कामगारांना कपडे फुकट नकोत, परवडतील असे हवेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची आवराआवर झाली की कपाटातले जुने कपडे बाहेर निघतात. त्याच सुमारास आमच्या शिरोळ तालुक्यात बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात आणि ‘त्यांना देऊन टाका’ हे घरोघरी ऐकू येतं. हे ‘देऊन टाकणं’ मी दोन्ही बाजूंनी अनुभवलं आहे, म्हणून लिहिते.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात कुरुंदवाडचं आमचं घर पाण्यात गेलं. आम्ही एका शाळेत राहत होतो. मदतीच्या गाड्यांतून कपडे आले आणि एका वर्गात त्यांचा ढीग झाला. त्यात बटणं तुटलेले शर्ट होते, जोडीतला एकच मोजा होता, लग्नातला जरीचा घागराही होता. ज्या गावात आयुष्यभर शिकवलं, तिथल्याच माणसांसमोर मी त्या ढिगात हात घालून अंगाला येईल असं पोलकं शोधत होते. देणाऱ्यांचे उपकार मी मानते. पण तेव्हाचं ते मान खाली घालणं अजून विसरता येत नाही.

पुढे निवृत्त झाल्यावर आम्ही चौघीजणी या कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्यांवर, कपडे वाटायला जाऊ लागलो, तेव्हा चूक तीच केली. गठ्ठे मुकादमाच्या, म्हणजे टोळी घेऊन येणाऱ्या माणसाच्या, हवाली केले. चांगलं ते त्याच्या जवळच्यांकडे गेलं, उरलेल्यावरून बायकांची भांडणं झाली. आम्ही तिथेच उभ्या होतो आणि काही करू शकलो नाही. त्या दिवशी एक बाई म्हणाली, “फुकट दिलं की जे हातात पडंल ते घ्यावं लागतंय. पैशे दिले की ह्यो नको, त्यो द्या, म्हणता येतंय.”

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी आमचा टेम्पो जातो. शर्ट १० रुपये, साडी २०, लहान मुलांचा स्वेटर १०, चादर ३०. कपडे दोरीवर टांगलेले असतात आणि टेम्पोच्या फळक्याला आरसा बांधलेला असतो. बायका शर्ट अंगाला लावून बघतात, हसतात, परत टांगतात, दुसरा काढतात. जमलेल्या पैशांतून डिझेल निघतं, उरलं तर लहान मुलांच्या नव्या चड्ड्या घेतो.

टेम्पो न्यावाच लागतो. पहाटे अंधारात फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतावर, गेलेली नवरा-बायकोची जोडी दिवस कलल्यावर परतते, कधी रात्री गाडी भरायला पुन्हा उठते. बाजाराला जायचं म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या उचलीवर आणखी बोजा. शिवाय एक फड संपला की कोपी हलते. दुकान काढून बसलो असतो तर त्यांच्यातलं कुणी आलं नसतं.

सगळ्यात जास्त काय खपतं ठाऊक आहे? पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट, आणि ते घेतात बायका. उसाचं पान हाताला कापतं, त्यावरची कूस, म्हणजे बारीक काटेरी लव, टोचते, म्हणून त्या साडीवर शर्ट चढवतात. आपण मात्र बारशाचे फ्रॉक आणि नेटचे दुपट्टे पाठवतो. सुती साडी कितीही जुनी असो, हातोहात जाते. तिची गोधडी होते.

कपडा पारखायला आम्हाला शिकवलं ते एका बोहारणीनं. कापड उजेडात धरायचं म्हणजे विरलेलं लगेच कळतं, मग कॉलर आणि काख बघायची. तिचा धंदा या कपड्यांवरच चालतो, म्हणून भांड्यांवर द्यायचे कपडे तिलाच द्यावेत असं मी आवर्जून सांगते. टेम्पोला थोडे पण धडके कपडे पुरेत.

अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ संस्थेची पद्धत अशीच मान राखणारी आहे. गावकरी मिळून विहीर, रस्ता, बांध अशी गावाच्या गरजेची कामं करतात आणि मोबदल्यात कपडे घेतात. गुप्तांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण दिवसभर मोळ्या वाहणाऱ्या माणसाला आणखी काम कसं सांगायचं? म्हणून आम्ही दहा रुपये ठेवले. काही जणांनी आम्हाला ‘गरिबांकडून पैसे घेता’ म्हणून नावं ठेवली. त्यांनी एकदा संध्याकाळी आरशापाशी उभं राहून बघावं.

आपल्या वाचकांना विनंती आहे. कपडे धुऊन, बटणं लावून द्या. पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि लहान मुलांचे स्वेटर आधी काढा, कारण डिसेंबरच्या थंडीत कोपीच्या पाचटातून वारं सरळ आत येतं. वाटप करताना फोटो काढू नका. आणि कारखान्यांनी एवढंच करावं: कोणती टोळी कुठल्या शिवारात उतरली आहे, ते आमच्यासारख्यांना दर आठवड्याला कळवावं. मागच्या हंगामात दोनदा आम्ही पोचलो तेव्हा कोप्या हलल्या होत्या, नुसत्या चुली राहिल्या होत्या.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
कुरुंदवाड, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर