'चालतंय की' म्हणायचं मी सोडलं, ताई

ताई,

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. नाव नको, असं तुम्हीच बजावलं होतंत. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारख्या पायानं अधू असलेल्या कितीतरी बायका दिव्यांग दाखल्याविना घरात बसल्या आहेत. त्या दिवशी तुम्ही मला जे समजावलंत ते त्यांच्याही कानावर पडावं.

आमच्या कृष्णाकाठाला 'चालतंय की' एवढं म्हटलं की भागतं. भाजी खारट झाली, चालतंय की. एसटी चुकली, चालतंय की. आणि कुणी विचारलं, पाय कसा आहे, तरी चालतंय की. पन्नास वर्षं मी हेच उत्तर देत आले. सिव्हिलच्या डॉक्टरांनाही तेच दिलं, आणि तिथंच चुकलं.

मी दोन वर्षांची असताना, १९७३ साली, ताप आला. कुणीतरी सुई टोचली आणि चार दिवसांत पोलिओनं डावा पाय लुळा पडला. ती सुई टोचून घ्यायला नको होती, असं आई अजून म्हणते. लहानपणी पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा साचा होता. मी वाढले, तो लहान पडला, आणि दुसरा झालाच नाही. मग मी मांडीवर डावा हात दाबून चालायला शिकले. पाऊल टाकताना गुडघा मागे रेटला नाही तर तो मुडपतो आणि मी खाली बसते. पदर असा घेते की तो हात दिसू नये. शिलाई मशीन उजव्या पायानं चालवते. गावानं मला कधी लंगडी म्हटलं नाही, आणि तशी वेळ मीही कधी येऊ दिली नाही. याचा मला अभिमान होता, ताई. अजूनही थोडा आहे.

पण पन्नाशीनंतर उजवा पायही थकायला लागला. मशीनवर दोन तास बसलं की पोटरी दगडासारखी व्हायची. भाच्यानं स्वावलंबन कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या दाखल्याचा आणि ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरला आणि २०२३ च्या पावसाळ्यात एका बुधवारी मी पहाटेच्या गाडीनं सिव्हिलला गेले. तपासणी पहिल्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद होती. कठड्याला धरून, मध्ये दोनदा थांबून मी वर गेले. दारात पोचल्यावर घाम पुसला, निऱ्या नीट केल्या. पाहुण्यांच्या घरी जाताना नेसतात तशी चांगली साडी नेसले होते.

डॉक्टर तरुण होते आणि रांग बाहेरच्या पायरीपर्यंत गेली होती. ते म्हणाले, "चालून दाखवा." चारचौघांत चालते तशी मी चालले, ताठ, दात आवळून. "जिना चढता येतो?" "आत्ता चढूनच आले की." "त्रास होतो का?" "थोडाफार. चालतंय की." दोन मिनिटांत मी बाहेर. त्यांचा मला राग नाही. आपल्या देशात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये हावड्याकडे सापडला. त्या वयाच्या डॉक्टरांनी पोलिओचा पाय किती वेळा पाहिला असेल? आणि मी तर तो त्यांच्यापासूनही लपवत होते.

दाखला आला तो ३६ टक्क्यांचा. योजनांना किमान ४० लागतात. चार टक्क्यांनी सगळं गेलं. तो कागद मी मशीनच्या खणात, रिळांच्या खाली ठेवून दिला आणि वर्षभर बाहेर काढला नाही.

पुढच्या वर्षी रेशन कार्डाच्या केवायसीसाठी तुमच्या सेवा केंद्रात आले. नंबर यायला वेळ होता, बाकावर बसले. उठताना मांडीवर हात रेटून उठले ते तुमच्या नजरेतून सुटलं नाही. तुम्ही विचारलंत, "मावशी, दिव्यांग दाखला काढलाय?" मी म्हटलं, काढलाय, छत्तीस. तुम्ही कीबोर्डवरचा हात काढलात आणि विचारलंत, "मांडी घालून बसता येतं?" मी म्हटलं, "मला आपली खुर्ची चालते." तुम्ही म्हणालात, "मी खुर्चीचं विचारलं नाही, मावशी."

इतक्या वर्षांत मला असं कुणी अडवलं नव्हतं.

केंद्र बंद करून संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. तुमच्या भावाच्या दाखल्यासाठी तुम्ही स्वतः दोन वर्षं हेलपाटे घातले होते आणि त्यातूनच हे सगळं शिकलात, हे मला त्या दिवशी कळलं. पायाचं मोजमाप कसं करायचं याच्या केंद्र सरकारच्या सूचना असतात, आणि त्यात पायाची ताकद, सांध्याची हालचाल यांच्याबरोबर रोजच्या नऊ गोष्टी बघायच्या असतात, हे तुम्ही सांगितलंत. सपाटीवर चालणं. उतारावर चालणं. जिना चढणं. दोन्ही पायांवर उभं राहणं. अधू पायावर उभं राहणं. उकिडवं बसणं. मांडी घालणं. गुडघ्यावर बसणं. वळणं. प्रत्येकाला दहा गुण. तुम्ही शंभर पानी वही घेतलीत आणि एकेक विचारत गेलात.

मांडीशी मी अडखळले. पंगतीत मी शेवटची कधी बसले ते आठवेना. लग्नाकार्यात मी वाढायला उभी राहते. लोक म्हणतात, केवढी कामसू. खाली बसले तर चारचौघांत उठता येणार नाही, एवढंच त्यामागचं कारण. हे मी आईलाही सांगितलेलं नव्हतं. उकिडवं बसण्याचं विचारलंत तेव्हा तर मी उठून चहा टाकायला गेले. तुम्ही थांबलात. चहा झाल्यावर पुन्हा तोच प्रश्न विचारलात. मग मी सांगितलं, की मधोमध भोक पाडलेलं लाकडी स्टूल करून घेतलंय, पाहुण्यांकडे मुक्कामाला म्हणून मी जात नाही, आणि प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. तुम्ही काही बोलला नाहीत. मी सांगितलं तसं, माझ्याच शब्दांत लिहून घेतलंत. "वाढवून एक अक्षर सांगायचं नाही," तुम्ही म्हणालात, "आणि झाकून एक अक्षर ठेवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत तुम्ही माझ्याबरोबर चाललात, मोबाईलवर वेळ लावून. तुम्हाला एकटीला चार मिनिटं लागतात. आपल्याला अकरा लागली. पाराजवळ थांबले, गिरणीच्या ओट्याला टेकले, आणि ओढ्याकडच्या उतारावर तुमचा खांदा धरला. रोज त्याच वाटेनं जाते, पण आपण दोनदा थांबतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं, गिरणीवाल्या वहिनींशी बोलायला थांबते.

तिथंच, मी साडी जरा वर धरली तेव्हा, तुम्हाला परकर दिसला. "ही बाजू आखूड का?" त्यात काय सांगायचं, असं मला वाटलं. डावा पाय आखूड आहे, कंबर त्या बाजूला कलते, परकर जमिनीला लोळतो. म्हणून कापतानाच डावीकडे दीड इंच कमी धरते. शिवण शिकले तेव्हापासून माझे सगळे परकर असेच आहेत. वरून साडीची किनार सरळ दिसते.

घरी येऊन माझ्याच टेपनं तुम्ही मला माप घ्यायला लावलंत, कमरेच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत, दोन्ही पायांचं. बरोबर दीड इंचाचा फरक. आखूड पायाचे गुण वेगळे असतात, पहिला अर्धा इंच सोडून पुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला चार टक्के. सिव्हिलला टेप कुणी लावलीच नव्हती, आणि मी बोलले नव्हते. तुम्ही परकराकडे बघत म्हणालात, "मावशी, तुमचे कमी पडलेले चार टक्के तुम्ही इथं शिवून टाकलेत."

त्याच आठवड्यात मला सिव्हिलच्या बाहेर भेटलेल्या एका माणसाचा फोन आला होता. पाच हजार द्या, साठ टक्के करून देतो. खरं सांगते, माझं मन डळमळलं होतं. तुम्ही माझ्या हातातून फोन घेऊन नंबर ब्लॉक केलात आणि म्हणालात, "खऱ्या कागदाला कुणाची भीती नसते. खोटा काढलात तर जन्मभर कपाटाकडे बघत बसाल." मग २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं कलम ५९ काढून दाखवलंत. दाखला पटला नाही तर अपील करता येतं. माझ्यासारखीला वाटतं, सरकारी शिक्का बसला म्हणजे विषय संपला. अपील शेताच्या बांधाचं करतात, पायाचं कोण करतं?

अपिलाचा अर्ज, नऊ गोष्टींचा कागद, भाच्यानं काढलेले पायांचे फोटो, सगळं तुम्ही लावून दिलंत. तपासणी दुसऱ्या रुग्णालयात लागली. जाताना दोनच गोष्टी सांगितल्यात. रोजची साडी नेसा. आणि 'चालतंय की' म्हणू नका.

तिथल्या डॉक्टरबाईंनी अर्धा तास दिला. टेप लावली, गुडघा वाकवून पाहिला, स्वतःच्या हातावर मला पायानं जोर लावायला सांगून ताकद पाहिली. "खाली बसून दाखवा," म्हणाल्या. तोंडाशी आलं होतं, बसते की. गिळलं. म्हटलं, "बसले तर मला उठवायला दोघं लागतील." डोळ्यांत पाणी आलं ते पायाच्या दुःखाचं नव्हतं. परक्या माणसासमोर पहिल्यांदा हे वाक्य बोलले म्हणून आलं. बाईंनी मान डोलावली आणि लिहिलं. मी ज्याला आयुष्यभर लाज म्हणत होते, ते त्यांच्या तक्त्यात एका ओळीचं उत्तर होतं.

५२ टक्के. पिवळ्या पट्टीचं कार्ड.

पुढचं तुमच्यासाठी रोजचंच काम होतं, माझ्यासाठी डोंगर. संजय गांधी निराधार योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला, दिव्यांगाच्या घरचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा. आधार जोडलेलं बँक खातं. तहसीलला अर्ज. एका कागदावर माझं आडनाव वेगळं लिहिलं गेलं होतं, ते तुम्ही पाठवण्याआधी पकडलंत. पावतीवर होते तेवढेच पैसे घेतलेत, त्यावर एक रुपया नाही. आईनं दिलेली शेंगांची पिशवी मात्र घेतलीत, त्याचं तिला फार बरं वाटलं.

दीड हजार रुपये खात्यात आले त्या दिवशी मी पासबुक दोनदा छापून घेतलं. २०२५ मध्ये दिव्यांगांचं अनुदान अडीच हजार झालं. ताई, अडीच हजारांत घर चालत नाही, ते कुणी सांगायला नको. पण त्यातून आता रात्री नऊनंतर मी मशीनवर बसत नाही. दिवाळीच्या घाईतही बसले नाही. उजव्या पोटरीला विसावा मिळतो. एसटीचं तिकीट पाव भावात पडतं. आणि तुम्ही सांगितलंत म्हणून ग्रामपंचायतीच्या पाच टक्के दिव्यांग निधीसाठी अर्ज केला. गावात असा निधी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. त्यातून आणि थोड्या माझ्या पैशातून घरात कमोड बसवला. लाकडी स्टूल भाच्यानं फोडून चुलीत घातलं. मी उभी राहून बघत होते.

गेल्या महिन्यात चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मी वाढायला उभी राहिले नाही. "मला खाली बसता येत नाही, खुर्ची द्या," असं मोठ्यानं म्हटलं. भिंतीकडे खुर्ची ठेवून दिली, पुढ्यात स्टुलावर ताट. थोड्या वेळानं नवरीकडच्या एक आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "मला बी तुझ्याशेजारी एक मांड." त्यांच्याशी बोलता बोलता कळलं, त्यांच्या सुनेचाही पाय असाच आहे आणि तिनं दाखलाच काढलेला नाही. का, तर म्हणते, चालतंय की. तिला तुमच्या केंद्राचा पत्ता दिलाय. गुरुवारी येईल. वही तयार ठेवा. आणि उकिडवं बसण्याचं विचाराल तेव्हा तिलाही आधी चहा करू द्या.

तुमचा ब्लाऊज शिवून झालाय, हुक तेवढे लावायचे राहिलेत. मीच घेऊन येते, दुपारच्या गाडीनं. पैशाचं काढू नका.

तुमची,
मावशी