वापरलेले ग्राफिक्स कार्ड: सरसकट सल्ला नको

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

मोजक्या पैशांत संगणक जुळवणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘वापरलेले ग्राफिक्स कार्ड घेऊच नका, त्यावर मायनिंग झालेले असते’ असे सरसकट सांगितले जाते. (मायनिंग म्हणजे क्रिप्टो चलन मिळवण्यासाठी कार्ड दीर्घकाळ आकडेमोडीला जुंपणे.) हा सल्ला सद्हेतूने दिलेला असला तरी अपुरा आहे, आणि तो ऐकून अनेक जण तेवढ्याच पैशांत कमी मेमरीचे नवे कार्ड घेऊन अडकतात.

मायनिंगची भीती निराधार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचे मायनिंग बंद झाल्यावर त्यासाठी राबवलेली असंख्य कार्डे विक्रीला आली. तथापि वीज वाचवण्यासाठी अनेक जण ही कार्डे कमी व्होल्टेजवर चालवत असल्यामुळे त्यांची मुख्य चिप बहुधा शाबूत असते. झीज होते ती पंख्यांची, आणि चिपवरील थर्मल पेस्ट व मेमरीवरील थर्मल पॅड या उष्णता बाहेर नेणाऱ्या थरांची. हे तिन्ही बदलता येते. मेमरीच बिघडू लागली असेल, तर मात्र दुरुस्ती सहसा परवडत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न कार्ड कशासाठी हवे हा आहे. एनव्हिडिया कंपनीच्या, २०२१ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६० या कार्डामध्ये १२ जीबी मेमरी आहे, तर २०२३ च्या आरटीएक्स ४०६० मध्ये ८ जीबीच. गेमसाठी नवे कार्ड एकंदरीत सरस आहे. ते ११५ वॉटमध्ये भागवते, जुन्याला १७० वॉट लागतात, शिवाय डीएलएसएस या एनव्हिडियाच्या तंत्रातली फ्रेम जनरेशनची (मधल्या फ्रेम एआयने तयार करून गेम अधिक सफाईदार दाखवण्याची) सोयही नव्यालाच मिळते. परंतु ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले जड दृश्य किंवा स्वतःच्या संगणकावर चालवायचे एआय मॉडेल ८ जीबीत मावलेच नाही, तर त्या वेगाचा उपयोग काय? (३०६० ची ८ जीबीची आवृत्तीही आहे आणि ती संथ आहे, म्हणून केवळ नावावर जाऊ नये.) उलट नवे घेऊनही फायद्याचे न ठरणारे उदाहरण म्हणजे एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी: कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन (माहितीच्या वाटा) त्याला असल्याने, पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढी असलेल्या जुन्या मदरबोर्डवर ते बरेच मागे पडते.

जुनेपणाची खरी मर्यादा ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची असते. ११ जीबी मेमरीचे जीटीएक्स १०८० टीआय आजही मोहात पाडते. पण एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले असून, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले आहे. शिवाय या कार्डात रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून वास्तव प्रकाश दाखवण्याचे) हार्डवेअर नाही, आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. इतके जुने कार्ड कितीही स्वस्त मिळाले तरी नव्या गेमसाठी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

फसवणुकीचा धोका खराच आहे. जीटीएक्स ५५० टीआयसारख्या जुन्या कार्डाचे बायोस (कार्डातच साठवलेले, त्याची ओळख सांगणारे सॉफ्टवेअर) बदलून ते १०५० टीआय म्हणून विकल्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि अशा वेळी विंडोजही खोटेच नाव दाखवते. म्हणून पैसे देण्याआधी जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिप व मेमरी तपासावी, अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान आणि पंख्यांचा आवाज पाहावा, पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटतात का याकडे लक्ष द्यावे आणि प्रत्येक पोर्टला मॉनिटर जोडून बघावा. चाचणीला नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून कार्ड घेऊच नये. वॉरंटी उरली असल्यास ती अनुक्रमांकावर मिळते की मूळ खरेदीदारालाच, हेही आधी विचारून घ्यावे, आणि आपला पॉवर सप्लाय पुरेल की नाही ते पाहावे. तोही बदलावा लागला, तर वाचलेले पैसे तिथेच जातात.

ज्यांना अशी तपासणी स्वतः करता येत नाही आणि जाणकार सोबतीला नाही, त्यांनी नवेच घ्यावे. बाकीच्यांसाठी ही चाचणीची पद्धत आपल्या तंत्रविषयक पानावर सविस्तर छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक