रविवारी अलिबागजवळच्या नवगावला, आपल्या बेने इस्रायल (कोकणातल्या ज्यू) समाजाच्या जुन्या कबरस्तानात, सगळ्यांनी वाचा

मंडळी, पाऊस थांबलाय, तर येत्या रविवारी सकाळी साडेसातला नवगावला जमायचंय, मुंबईवाल्यांनी मांडव्याची पहिली बोट धरा. कोयता, झाडू, पाण्याचे कॅन घेऊन या कारण गवत कमरेएवढं वाढलंय.

आपले पूर्वज जहाज फुटून इथेच किनाऱ्याला लागले, सात बायका सात पुरुष वाचले आणि बाकीच्यांना इथेच पुरलं असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्या पुरलेल्या जागेवरच्या टेकाडांवर कृपया कोणीही चढू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. आपलं आहे ते आपणच जपायचंय.

दगड फक्त साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने पुसा, अ‍ॅसिड, तारेचा ब्रश, खडू अजिबात नको. अक्षरं पुसट असतील तर आरशाने तिरपा उजेड पाडून फोटो काढा, बरंच दिसतं. हिब्रू सालातून ३७६० वजा केले की साधारण इसवी सन मिळतं, हजाराचा आकडा कोरलेला नसेल तर उलट १२४० मिळवायचे, आणि शके असेल तर ७८.

येण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गावाचं नाव विचारून ठेवा. रोहेकर, पेणकर, दिवेकर या आडनावातच गाव आहे, पण आजीचं माहेर कुठलं हे मात्र कागदावर सापडत नाही, ते आत्ताच विचारा. पलटणीतल्या पेन्शनचे जुने कागद, केतुबा (लग्नाचा करारनामा) असेल तर फोटो काढून आणा, मूळ प्रत घरीच ठेवा.

कद्दिश (गेलेल्यांसाठीची प्रार्थना) म्हणायचीय, किमान दहा पुरुष लागतील, तेव्हा येणाऱ्यांनी शुक्रवार दुपारपर्यंत नाव कळवा.