गर्भाशयमुखाची तपासणी: नमुना आणि त्यानंतर

संपादक महोदय,

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचे लेख बहुधा ‘तपासणी करून घ्या’ इथे येऊन थांबतात. कोणती, कधी आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय, हे मात्र राहून जाते.

‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग पॅप कशाला?’ हा प्रश्न नेहमीचा. पॅप, म्हणजे पॅप स्मिअर: गर्भाशयमुखावरच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) दिसतो, गर्भाशयमुखाच्या वरच्या थरातल्या पेशींचा बदल दिसत नाही. आणि पकडायचा असतो तो बदलच. हा कर्करोग जवळजवळ नेहमी शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो. बहुतेकींचा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांचा टिकतो त्यांच्यातही कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एवढा अवधी फार थोड्या कर्करोगांत मिळतो.

पॅप स्मिअरमध्ये जास्त घोळ नमुना घेतानाच होतो. बदल सुरू होतो तो दोन प्रकारच्या पेशी जिथे भेटतात त्या पट्ट्यात, म्हणून स्पॅच्युला (नमुना घ्यायची चपटी काडी) गर्भाशयमुखाला टेकवून पूर्ण वेढा फिरवावा लागतो. नुसता योनीतून फिरवून आणलेला नमुना काचेवर भरपूर दिसतो, पण हव्या त्या पेशी त्यात नसतात. पसरलेली काच ओली असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवायची. तेवढ्यात कोणी नाव लिहीत बसले, की पेशी वाळतात, केंद्रके फुगून फिकट होतात आणि स्लाइड वाचणाऱ्याची पंचाईत होते. नाव आधीच, पेन्सिलीने लिहून ठेवावे. महिलांनी पाळीचे दिवस टाळावेत. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध, योनीत ठेवायची औषधे आणि आतून धुणेही नको. रिपोर्टवर ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ (नमुना वाचण्याजोगा नाही) असेल तर तो नॉर्मल नव्हे. दोन ते चार महिन्यांत नमुना पुन्हा द्यायचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली: तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी. एचआयव्हीबाधित महिलांनी पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी. पॅप करायची तर दर तीन वर्षांनी. एचपीव्हीचा नमुना महिलेला स्वतःही घेता येतो, कारण इथे विषाणू शोधायचा असतो, पेशी पाहायच्या नसतात. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावून, मिनिटभर थांबून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची पद्धत स्वस्त आहे. मात्र पाळी गेल्यावर दोन प्रकारच्या पेशींचा तो पट्टा आत सरकतो, त्यामुळे त्या वयात तिच्यावर विसंबू नये.

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. घरात संशयाचे वातावरण तर मुळीच नको. संसर्ग कित्येक वर्षांपूर्वीचाही असू शकतो. याउलट पॅपच्या रिपोर्टवर ‘एचएसआयएल’ (पेशींतला कर्करोगपूर्व गंभीर बदल) आला असताना ‘पुन्हा एक पॅप करून बघू’ म्हणणे धोक्याचे. दुसरी पॅप नॉर्मल आली तरी पहिली खोडली जात नाही. कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख मोठे करून पाहणे) आणि गरज असल्यास बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणे) झालीच पाहिजे. या टप्प्यावर उपचार सहसा तेवढाच भाग उष्णतेने जाळणे किंवा तारेच्या लूपने काढणे इतकाच असतो, गर्भाशय काढावे लागत नाही. शिबिर भरवणाऱ्यांनी कोल्पोस्कोपी कुठे होणार हे आधी ठरवावे, मगच मंडप घालावा.

एचपीव्हीची लस घेतलेल्यांनाही तपासणी चुकत नाही. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर मागचा रिपोर्ट कितीही चांगला असो, पुढच्या तारखेची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

— एक पॅथॉलॉजिस्ट