ब्लॅक बुकऐवजी चालत्या प्रकल्पाचे डॉक्युमेंटेशन लिहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खान्देशातल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींनी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये उतरावे, म्हणजे पुण्या-बंगळुरूला जाण्याआधीच त्यांचे काम जगासमोर येईल, असा लेख मध्यंतरी आपल्या अंकात आला होता. लेखातली तळमळ पटली. मात्र त्यात सगळा भर कोड लिहिण्यावर होता. मी गेली काही वर्षे धुळ्यात घरूनच एका मुक्तस्रोत प्रकल्पाचे डेव्हलपर डॉक्युमेंटेशन, म्हणजे त्याच्या कोडवर काम करणाऱ्यांसाठीची माहिती, लिहिते आणि सांभाळते. या कामाचा लेखात उल्लेखही नव्हता. आपल्या मुलांना सगळ्यात आधी जमेल असे काम हेच आहे आणि बहुतेक प्रकल्पांना त्याचीच टंचाई आहे, असे माझे ठाम मत आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा छापील अहवाल, म्हणजे ब्लॅक बुक, लिहिण्याऐवजी मुलांना हे काम करू द्यावे, असे मला वाटते. म्हणून सविस्तर लिहिते.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो. पण येतो म्हणजे केव्हा? आत शिरायची वाट कोणीतरी लिहून ठेवली असेल तेव्हा. सॉफ्टवेअर नुसते वापरणाऱ्यासाठी माहितीपुस्तिका असते, ती वेगळी. मी लिहिते ते आत हात घालणाऱ्यासाठी. कोड आपल्या मशिनवर कसा उतरवायचा, आधी काय काय इन्स्टॉल हवे, बिल्ड (कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करणे) आणि टेस्ट कशा चालवायच्या, कोणता फोल्डर कशासाठी आहे, अमुक फंक्शनला काय द्यायचे आणि ते काय परत देते, केलेला बदल कोणत्या रीतीने पाठवायचा, हे सगळे त्यात येते. आणि कोड कितीही वाचला तरी जे सापडत नाही तेही येते: हे असेच का केले आहे?

एक उदाहरण देते. आमचा प्रकल्प म्हणजे पावसाच्या आणि जमिनीच्या नोंदी नकाशावर मांडणारी एक छोटी लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्राममध्ये जोडून वापरायचा तयार कोड) आहे. ती जिओजेसन नावाच्या स्वरूपात माहिती घेते. बोलताना आपण सगळे ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, पण जिओजेसनच्या २०१६ च्या प्रमाणात क्रम उलटा आहे: आधी रेखांश, मग अक्षांश. धुळे साधारण २०.९ उत्तर आणि ७४.८ पूर्व. आकडे सवयीच्या क्रमाने टाकले तर धुळे नॉर्वेच्याही उत्तरेला, थेट समुद्रात जाऊन पडते. नवा माणूस आला की त्याला वाटायचे इथे चूक आहे, आणि तो मोठ्या उत्साहाने ती ‘दुरुस्ती’ पाठवायचा. मग कोणीतरी वेळ काढून त्याला समजवायचे. शेवटी डॉक्समध्ये (डॉक्युमेंटेशनला आम्ही थोडक्यात डॉक्स म्हणतो) कारणासकट तीन ओळी लिहिल्या, शेजारी धुळ्याचेच उदाहरण दिले, आणि अशा ‘दुरुस्त्या’ येणे थांबले. त्या तीन ओळींनी किती जणांची संध्याकाळ वाचली असेल, त्याची नोंद कुठेही होत नाही.

लिहिणे हा मात्र कामाचा निम्माच भाग. कोड रोज बदलतो आणि त्याच्याबरोबर डॉक्स बदलले नाहीत तर ते दिशाभूल करतात. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीला, पायथॉन २ ला, १ जानेवारी २०२० पासून अधिकृत आधार उरलेला नाही. तरी ‘प्रिंट’ या आज्ञेपुढे कंस नसलेली, नव्या आवृत्तीत न चालणारी जुनी उदाहरणे अजून नोट्समधून फिरतात. मुलगा ती जशीच्या तशी टाइप करतो, एरर येते, आणि त्याला वाटते आपल्यालाच प्रोग्रामिंग जमत नाही. त्याची काही चूक नसते. ते पान कोणी काढले नाही किंवा वर ‘हे जुने आहे’ असे लिहिले नाही, एवढेच झालेले असते. यावर आमच्याकडे एकच शिस्त आहे. कोड आणि डॉक्स एकाच ठिकाणी ठेवायचे आणि कोडमधला बदल ज्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारण्यासाठी पाठवलेल्या विनंतीत) येईल त्याच पुल रिक्वेस्टमध्ये डॉक्सचा बदलही आला पाहिजे. नसेल तर ती पुढे सरकत नाही. वेबसाइट बनवण्यासाठी वापरला जाणारा जँगोसारखा मोठा प्रकल्पही नव्या सोयीसोबत तिचे डॉक्युमेंटेशन मागतो, आणि त्याचे डॉक्स वाचून शिकलेले असंख्य डेव्हलपर आहेत. पायथॉनमध्ये डॉकटेस्ट नावाची सोय आहे. डॉक्समध्ये लिहिलेले उदाहरण ती खरोखर चालवून बघते आणि उत्तर जुळले नाही तर ओरडते. अशी साधने हाताशी आहेत. ती रोज वापरणारी माणसे कमी आहेत.

किती कमी, त्याचे आकडे आहेत. प्रकल्पांचा कोड जिथे ठेवला जातो त्या गिटहब या संकेतस्थळाने २०१७ मध्ये सुमारे साडेपाच हजार जणांची पाहणी केली होती. अपुऱ्या किंवा जुनाट डॉक्युमेंटेशनचा अडथळा ९३ टक्के लोकांनी सांगितला. आणि प्रकल्पांना हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांनी सांगितले की डॉक्युमेंटेशनमध्ये आपण क्वचितच किंवा कधीच भर घालत नाही. गुगलने विद्यार्थ्यांसाठी ‘समर ऑफ कोड’ २००५ साली सुरू केले, ते कोडपुरते. डॉक्युमेंटेशनसाठी ‘सीझन ऑफ डॉक्स’ यायला २०१९ उजाडले. जिथे पैसा आणि माणसे दोन्ही मुबलक आहेत तिथेही या कामाची पाळी चौदा वर्षांनी आली.

माझे माहेर साक्री तालुक्यातले. पांझरा नदीवर बंधारे घालून पाणी मिळून वाटून घेण्याच्या फड पद्धतीबद्दल आपल्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. बंधारा कोणा एकाच्या मालकीचा नसतो. पाटकरी पाण्याच्या पाळ्या सांभाळतो आणि पाटातला गाळ लाभधारकांनी मिळून काढायचा असतो. ज्या वर्षी गाळ काढला जात नाही त्या वर्षी बंधारा शाबूत असूनही शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे नेमके हेच आहे. कोडचा बंधारा भक्कम असतो, जगभरातले हुशार लोक तो बांधतात. गाळ साचतो तो वाटेत, आणि शेवटच्या शेतात आपली मुले उभी असतात.

पण मला वाटते, याच जागेवरून काम सुरू करता येते. शेजारपाजारची आणि ओळखीतली काही कॉलेजची मुले सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येतात. आमच्या प्रकल्पाचे सेटअपचे पान मी त्यांच्यापुढे ठेवते आणि सांगते, मला काही विचारू नका, फक्त यात लिहिलेय तसे करत जा आणि अडाल तिथे लिहून ठेवा. चोपड्याकडची एक मुलगी पाचच मिनिटांत म्हणाली, “ताई, माले पहिली पायरीच समजनी नही.” ती बरोबर होती. पहिल्या पायरीत एक्स्पोर्ट ही आज्ञा होती. ती लिनक्सवर चालते. तिच्या लॅपटॉपवर विंडोज होते, तिथल्या कमांड प्रॉम्प्टला एक्स्पोर्ट माहीतच नाही, तिथे सेट लिहावे लागते. दुसऱ्या एका मुलाच्या मशिनवर वापरकर्त्याच्या नावात नाव आणि आडनाव यांच्यामध्ये स्पेस होती. फोल्डरच्या पत्त्यात ती स्पेस आली की आमची स्क्रिप्ट तिथेच तुटायची. आमच्या प्रकल्पातल्या अनुभवी माणसांपैकी कोणालाच हे कधी दिसले नव्हते, कारण त्यांची मशिने तशी नव्हती.

सगळ्यात मोलाची सूचना आली ती डाउनलोडची. पूर्ण बिल्डसाठी काही जीबीचा मजकूर उतरवावा लागतो. ज्याच्या घरी वायफाय आहे त्याला हे लिहून ठेवावेसे वाटतच नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या मुलाचा मात्र दिवसभराचा डेटा अर्ध्यातच संपतो, आणि मध्येच लाइट गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. आता आमच्या पानावर सुरुवातीलाच लिहिले आहे: एकूण किती डाउनलोड आहे, किती जागा लागेल, कोणत्या पायरीवर थांबून नंतर पुढे सुरू करता येते, आणि फक्त डॉक्स दुरुस्त करायचे असतील तर यातले बहुतेक काही उतरवावे लागत नाही. हा परिच्छेद त्या मुलांनीच लिहिला. मी व्याकरण पाहिले. पुढे ब्राझीलमधल्या एका विद्यार्थ्याने आवर्जून कळवले की याच परिच्छेदामुळे तो प्रकल्पात टिकला.

इंग्रजीच्या धास्तीबद्दलही लिहायला हवे, कारण आपल्याकडची मुले तिथेच मागे सरतात. वर सांगितलेल्या पाहणीत जवळजवळ पाव लोकांनी आपले इंग्रजी वाचणे-लिहिणे ‘खूप चांगले’ या पातळीपेक्षा कमी असल्याचे सांगितले होते. म्हणजे डॉक्स वाचणारे लोकही आपल्यासारखेच आहेत. त्यांना छोटी, सरळ, एका वाक्यात एकच क्रिया सांगणारी इंग्रजी हवी असते. ती आपल्या मुलांना येते. मी त्यांना आधी मराठीत किंवा अहिराणीत तोंडी सांगायला लावते: तू काय केलेस, मग काय झाले, मग काय केलेस. तोंडी नीट सांगता आले की लिहिता येते. ज्याला तोंडी सांगता येत नाही त्याला ती पायरीच कळलेली नसते, हेही तिथल्या तिथे उघड होते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने मराठीतून मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवण्याचे मोठे काम केले आहे. त्याच्या जोडीला आपल्या मुलांनी लिहिते व्हावे, असे मला मनापासून वाटते.

आता जे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे त्याकडे येते. शेवटच्या वर्षाला प्रत्येक गट प्रोजेक्ट करतो आणि त्याचे ब्लॅक बुक तयार करतो. झेरॉक्सच्या दुकानात काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरे छापून घेतात. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) येतात, व्हायव्हा (तोंडी परीक्षा) होते, ब्लॅक बुक कपाटात जाते आणि त्यानंतर ते कोणी उघडत नाही. लिहिण्यात मुलांचे आठवडेच्या आठवडे जातात. प्रस्तावना, आधीच्या संशोधनाचा आढावा, आकृत्या, सगळे असते. वाचणारा तेवढा नसतो. हेच श्रम एखाद्या चालत्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या डेव्हलपर डॉक्युमेंटेशनवर लागले तर? सेटअपचे पान विंडोजवर तपासून नव्याने लिहिणे, एखाद्या मॉड्यूलच्या प्रत्येक फंक्शनला चालणारे उदाहरण देणे, मेलेल्या लिंक काढणे, जुन्या चर्चा वाचून ‘हे असे का’ याची टिपणे करणे. प्रत्येक बदल अनोळखी, जाणकार माणूस तपासतो, उणिवा सांगतो, पुन्हा लिहायला लावतो. कोणी काय लिहिले याची नोंद गिट या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत तारखेसह कायम राहते. मुलाखतीला जाताना मुलगी तो दुवा दाखवू शकते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या मुक्तस्रोत प्रकल्पांना हातभार लावण्याच्या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टला टी-शर्ट मिळत होता. तेव्हा कित्येक प्रकल्पांच्या रीडमी (प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या) फाइलमध्ये नुसता ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असा मजकूर घुसवणाऱ्या पुल रिक्वेस्टचा पूर आला. सांभाळणारे लोक इतके वैतागले की त्याच महिन्यात, ज्या प्रकल्पांना सहभागी व्हायचे आहे त्यांनीच तसे जाहीर करावे, असा नियम करावा लागला. म्हणून मोजणी पुल रिक्वेस्टच्या संख्येवर अजिबात नको. गुण द्यायचे ते प्रकल्पाने स्वीकारलेल्या बदलांना आणि तपासणाऱ्याशी झालेल्या संवादाला. सहा महिन्यांत दोनच पाने नीट झाली, तरी ती चालत असतील तर पुरे आहेत.

दुसरा आक्षेप एआयचा. फंक्शन काय करते हे एआय लिहून देईल, देतोच. पण चार जीबी रॅमच्या मशिनवर, हॉटस्पॉटवर, स्पेस असलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये ते खरेच चालते का, हे चालवून पाहणारे माणूसच लागते. आणि एखादा निर्णय का घेतला हे तो घेणाऱ्यांना विचारावे लागते. शिवाय एआयने लिहिलेले बरोबर आहे का, हे तपासायलाही कोणी तरी ते वाचलेच पाहिजे.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांना आणि धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतल्या अभियांत्रिकी व तंत्रनिकेतन महाविद्यालयांना माझी विनंती आहे, की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये असा पर्याय अधिकृतपणे द्यावा. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटरच्या मुलांसाठी तर नव्या शैक्षणिक धोरणातल्या ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) आणि फिल्ड प्रोजेक्टच्या श्रेयांकांत तो बसवता येण्यासारखा आहे. लॅब नवी नको, महागडी लायसन्स नकोत. लागेल तो एक प्राध्यापक, जो मुलांबरोबर बसून पान वाचेल आणि विचारेल, “हे तू स्वतः चालवून पाहिलेस का?”

ज्या महाविद्यालयाला हे करून पाहायचे असेल त्याच्या पहिल्या गटाबरोबर शनिवार-रविवारी बसायला मी तयार आहे, मोबदला नको. प्रकल्प कसा निवडायचा, पहिला बदल किती लहान ठेवायचा आणि तपासणाऱ्याने नाकारले तर उत्तर कसे लिहायचे, एवढे तरी मी त्यांना नक्की शिकवू शकेन. इच्छुक प्राध्यापकांनी आपल्या संपादकीय कार्यालयात कळवावे. माझा पत्ता मी आपल्याकडे वेगळा पाठवला आहे, तो त्यांना जरूर द्यावा.

आपली,
एक नियमित वाचक
देवपूर, धुळे